‘घरीच असते’ या उत्तरामागचे काम

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

येत्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. प्रगणक दारात येऊन घरातल्या माणसांची माहिती विचारू लागले की, आजवरचा अनुभव पाहता, लाखो घरांतून एका व्यक्तीपुरते तेच ठरलेले उत्तर जाईल: ‘ती काही करत नाही, घरीच असते.’ हे उत्तर बहुधा घरातला पुरुष देतो. तो घरी नसेल तर ती स्वतःही तेच देते. मी नोकरीची बरीच वर्षे बँकेत खाती उघडण्याच्या विभागात काढली. ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ आणि ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यात ‘निरंक’ असे लिहिलेले अर्ज माझ्या टेबलावरून रोज जात असत. अर्ज नियमाप्रमाणे बरोबर भरलेला असे, पण समोर बसलेल्या बाईच्या हातांवरचे भाजल्याचे डाग आणि तो ‘निरंक’ हा शब्द यांचा मेळ मला कधीच बसवता आला नाही. घरकाम हे काम आहे की नाही, आणि काम करणाऱ्याला समाधान नेमके कशामुळे मिळते, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत असे मला वाटते. त्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी द्यावी.

माझे सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांची दिवसाची सगळी शुश्रूषा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी केली. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचे, पाठ कोरडी ठेवायची, नळीतून द्यायचे पातळ अन्न वस्त्रगाळ करायचे, अन्न देण्याआधी आणि नंतर नळी पाण्याने धुऊन काढायची, लघवीची पिशवी रिकामी करताना किती झाली ते पाहायचे. आणि हे सगळे मुलांच्या शाळेच्या जुन्या वहीत वेळेसह मांडून ठेवायचे. डॉक्टर आले की आधी ती वही मागत आणि मग रुग्णाकडे वळत. पुढे रात्रीसाठी ब्यूरोतून एक बाई ठेवली. तिची पाळी रात्री आठ ते सकाळी आठ, तिचा दर ठरलेला, तिची सुट्टी ठरलेली आणि तेही रास्तच होते. सुरुवातीच्या रात्री तिच्या शेजारी बसून जाऊबाईंनी तिला रुग्णाला न दुखावता कसे वळवायचे ते शिकवले. म्हणजे एकाच खोलीत, एकाच रुग्णासाठी, एकच काम करणाऱ्या दोघींपैकी शिकणारीच्या कामाला दर होता आणि शिकवणारीच्या कामाला नव्हता.

मात्र जाऊबाईंना त्या कामात काहीच मिळाले नाही असे मी म्हणणार नाही, कारण ते खोटे ठरेल. सासऱ्यांच्या कमरेखाली झालेली जखम बरेच दिवस चिघळत होती. ती भरून आली आणि तिथे कोवळी, गुलाबी कातडी दिसू लागली, त्या दिवशी त्यांनी घरातल्या प्रत्येकाला हाक मारून ती दाखवली होती. हिशेब जुळल्यावर माझ्या चेहऱ्यावर जे दिसत असेल तेच मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले. आपल्या हातून काही घडले, ते आपल्या कौशल्यामुळे घडले आणि ते कुणीतरी पाहिले, या तीन गोष्टी एकत्र आल्या की काम माणसाला भरभरून देते, मग ते काम कचेरीतले असो की स्वयंपाकघरातले. घरकाम मुळातच कंटाळवाणे, बुद्धीला गंज चढवणारे असते आणि बाहेरचे काम तेवढे प्रतिष्ठेचे, असे काही सुशिक्षित मंडळी बोलतात, ते मला म्हणूनच पटत नाही. बाहेरच्या कामातही कंटाळा भरपूर असतो. नोटांची बंडले मोजण्यात कोणती प्रतिभा लागते?

फरक दुसरीकडे आहे. बँकेत संध्याकाळी रोकड आणि वह्या जुळल्या की दिवस बंद होतो. एका रुपयाचा फरक राहिला तर तो सापडेपर्यंत सगळे बसून राहतात, पण सापडला की कुलूप लागते आणि उद्यापर्यंत त्या कामाचा आपल्यावर हक्क राहत नाही. घरकामाला असे कुलूप नाही. रात्रीची भांडी आवरतानाच सकाळची भाजी निवडून ठेवायची असते आणि दूध विरजताना उद्याच्या डब्याचा विचार चालू असतो. शिवाय हे काम दिसते ते झाले नाही म्हणजेच. घासलेली भांडी कुणाच्या नजरेत भरत नाहीत, राहिलेली भांडी तेवढी दिसतात. ज्या कामाला शेवट नाही, ज्यात रजा नाही, जे नाकारता येत नाही आणि ज्याचे कौशल्य कुणी मोजत नाही, त्या कामातही बायका समाधान शोधतात, हे त्यांचे मोठेपण आहे. पण त्या समाधानाकडे बोट दाखवून बाकीचे सगळे नाकारणे हा अन्याय आहे. ‘तिला आवडते म्हणून ती करते’ हे वाक्य आपण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांविषयी किंवा मन लावून शिकवणाऱ्या प्राध्यापकांविषयीही म्हणतो, पण त्यामुळे त्यांचे वेतन थांबवत नाही.

हे काम किती, याचा अंदाज आता सरकारी आकड्यांतूनही येतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात आढळले. पुरुषांचा आकडा वाचून कुणाला बरे वाटेल, म्हणून त्याच पाहणीतली दुसरी बाब सांगणे भाग आहे: पाहणीच्या दिवशी घरकामात ८१.२ टक्के स्त्रियांचा सहभाग होता, पुरुषांचा केवळ २६.१ टक्के. म्हणजे ही ९७ मिनिटे चारांतल्या एका पुरुषाची आहेत, उरलेल्या तिघांची मिनिटे शून्य. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २८९ आणि पुरुषांची ८८ झाली. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली ती पुरुषांनी उचलली असे म्हणावे, तर त्यांचीही नऊ कमीच झाली आहेत. यांपैकी काही मिनिटे मिक्सरने, गॅसने आणि नळाने वाचवली असावीत. घरातल्या माणसांनी ती वाचवली असे या आकड्यांत तरी दिसत नाही.

एवढे तास मोजूनही रोजगाराच्या सरकारी आकडेवारीत या स्त्रिया ‘श्रमशक्तीबाहेर’ राहतात. नमुना पाहणीत त्यांच्यासाठी दोन संकेतांक आहेत. ९२ म्हणजे केवळ घरगुती कामे करणारी. ९३ म्हणजे ती कामे सांभाळून शिवाय सरपण, रानभाजी, जनावरांचा चारा गोळा करणारी किंवा घरच्यासाठी शिवण-विणकाम करणारी. दुष्काळी तालुक्यात डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन रानातून येणारी बाई या दुसऱ्या संकेतांकात बसते आणि श्रमशक्तीबाहेरच राहते. याहून विसंगत उदाहरण शहरात रोज दिसते. सकाळपासून तीन घरी पोळ्या लाटणारी बाई त्या तीन घरांपुरती कामगार असते. दुपारी स्वतःच्या घरी येऊन तिने त्याच हातांनी, त्याच कणकेच्या पोळ्या लाटल्या की ते काम उरत नाही. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी शंभर वर्षांपूर्वीच ही अडचण मांडली होती: एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले की तिचे काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. अडचण ठाऊक असूनही हिशेबाची रीत बदलली नाही. २०१३ मध्ये जागतिक श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने कामाची व्याख्या रुंदावून स्वतःच्या घरासाठी केलेल्या विनामोबदला सेवांनाही ‘काम’ म्हटले, तरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या मुख्य आकड्यात या सेवांना आजही जागा नाही.

न्यायालयांना मात्र या कामाची किंमत करावी लागली, आणि ती कोणत्या प्रसंगी, हे पाहिले की मन विषण्ण होते. रस्त्यावरच्या अपघातात गृहिणी दगावली की नुकसानभरपाईसाठी तिचे ‘उत्पन्न’ ठरवावे लागते. मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये जोडलेल्या परिशिष्टात न कमावणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरले होते. म्हणजे तीच कामे करणाऱ्या दोन बायकांपैकी कारकुनाची बायको स्वस्त आणि अधिकाऱ्याची बायको महाग. २०१० मध्ये अरुणकुमार अग्रवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, जनगणनेने गृहिणींना भिकारी आणि कैद्यांसारख्यांच्या रांगेत अनुत्पादक म्हणून बसवल्याबद्दल कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली. ५ जानेवारी २०२१ च्या कीर्ती खटल्याच्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी २०११ च्या जनगणनेचा दाखला दिला: ‘घरकाम’ हाच आपला मुख्य व्यवसाय असे सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १५ कोटी ९८ लाख, आणि तसे सांगणारे पुरुष सुमारे ५८ लाख. या निकालांबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही या देशात बाईच्या कामाचा आकडा अधिकृत कागदावर येण्यासाठी ती आधी मरावी लागते, ही वस्तुस्थिती त्यांनी बदलत नाही.

घरातल्या कामाला किंमत नसल्याचा परिणाम घराबाहेरही होतो, आणि त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. जे काम आई, बायको, सून फुकट करतात, ते दुसऱ्या बाईकडून करून घेताना त्याचे पैसे देणे म्हणजे उपकार वाटू लागतात. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तरी पगारी सुट्टी मागणाऱ्या बाईला आजही सोसायटीत ‘माजलेली’ म्हणतात. घरकामगारांविषयीचा २०११ चा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार भारताने अद्याप स्वीकारलेला नाही. अंगणवाडी सेविका हीच कामे, म्हणजे मुलांना खाऊ घालणे, सांभाळणे, वजन घेणे, सरकारसाठी करतात, तर त्यांना वेतन नव्हे, मानधन मिळते. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणून लागते आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. ती बाई पहाटे कोपीत भाकरी थापून, पाणी भरून मगच फडात उतरते. तिचे घरकाम कुणी मोजत नाही हे ओघानेच आले. तिची मजुरीसुद्धा तिच्या नावावर लागत नाही.

उलट हेच काम बायकांच्या स्वतःच्या हातात आले, की काय होते याची उदाहरणे मुंबईने दाखवली आहेत. गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड उभा राहिला. गिरणगावात घरोघरी खाणावळ चालवून एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका सावकारी व्याजात पिचत होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणून बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. पापड तोच, आमटीभातही तोच. बदलले ते एवढेच, की कामाचा हिशेब लिहिला जाऊ लागला, पैसा लाटणारीच्या आणि रांधणारीच्या हातात येऊ लागला, आणि निर्णयात तिचा शब्द आला. बँकेत काम केलेली बाई म्हणून मला हा फरक अक्षरशः डोळ्यांनी पाहता आला आहे: बचत गटाचे पासबुक भरून घ्यायला येणारी बाई काउंटरवर उभी राहते ती वेगळीच.

मग गृहिणींना पगार द्यावा का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते मी विचारपूर्वक देते. नवऱ्याने पगार दिला तर तो मालक होईल, आणि आहे तीच उतरंड कागदावर पक्की होईल. सरकारने दिला तर रक्कम नाममात्र असेल आणि ‘आता पगार मिळतो ना, मग घरातच राहा’ असे म्हणायला समाजाला निमित्त मिळेल. तामिळनाडूत सप्टेंबर २०२३ पासून कुटुंबप्रमुख स्त्रियांना दरमहा १००० रुपये आणि आपल्याकडे २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेत १५०० रुपये मिळू लागले. गरीब घरातल्या बाईला स्वतःच्या नावावर येणाऱ्या पैशाचे मोल काय असते हे मी जाणते, म्हणून या योजनांना नावे ठेवणार नाही. पण ही रक्कम तिच्या श्रमाशी कोणत्याही हिशेबाने जोडलेली नाही, आणि सरकारच्या मर्जीने ती कमी-जास्त होऊ शकते.

मला हवी आहे ती मालकी. संसारात जे उभे राहिले ते दोघांच्या श्रमाने उभे राहिले, असे कायद्याने धरले पाहिजे. हे स्वप्नरंजन नाही, शेजारच्या गोव्यात ते प्रत्यक्षात आहे. तिथल्या नागरी कायद्यानुसार लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नी संपत्तीचे निम्मे-निम्मे मालक असतात आणि एकाच्या संमतीवाचून दुसऱ्याला स्थावर मालमत्ता विकता येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये, पतीच्या कमाईने घेतलेल्या मालमत्तेत पत्नीच्या घरकामाचाही वाटा आहे, असे मानून तिला समान हिस्सा दिला. महाराष्ट्राने तर हा विचार फार आधी ऐकला होता. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे सातबाऱ्यावर चढवला होता, आणि तो दान म्हणून नव्हे, तिच्या आजवरच्या श्रमाचे देणे म्हणून. आज बाईच्या नावाने घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तिचा लाभ घेणारेही पुष्कळ आहेत. पण सवलतीसाठी लावलेले नाव आणि हक्काने लागलेले नाव यांत काय अंतर असते हे बँकेत बसलेल्या कुणालाही विचारावे. मुदत ठेवीच्या पावतीवर दुसरे नाव बायकोचे असते, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ असा शेराही असतो, आणि ती बाई काउंटरवर पहिल्यांदा येते ती नवऱ्याचा मृत्यूचा दाखला घेऊन. आपल्या घरात किती पैसा आहे हे तिला त्या दिवशी कळते.

मी साठाव्या वर्षी निवृत्त झाले. मला ग्रॅच्युइटी मिळाली, निवृत्तिवेतन मिळते, निरोपसमारंभात माझ्या कामाविषयी चार चांगले शब्द बोलले गेले. मी निर्धास्तपणे नोकरी करू शकले ती जाऊबाई घरी होत्या म्हणून. माझ्या निवृत्तिवेतनात त्यांच्या कष्टांचा वाटा आहे, पण तो वाटा मागण्याची कोणतीही खिडकी कायद्याने त्यांना दिलेली नाही. घरच्या आम्ही माणसांनी आपसांत काय केले हा आमचा प्रश्न; अशा कोट्यवधी स्त्रियांचा प्रश्न घरच्यांच्या चांगुलपणावर सोडता येणार नाही.

म्हणून राज्यकर्त्यांकडे माझे मागणे असे आहे, की विवाहानंतर मिळवलेल्या संपत्तीत पती-पत्नीच्या समान मालकीचा कायदा महाराष्ट्राने विचारात घ्यावा आणि त्याचा मसुदा लोकांपुढे चर्चेला ठेवावा. गृहिणीच्या स्वतःच्या नावावर म्हातारपणाच्या निवृत्तिवेतनाचे खाते असावे, त्यात कमावत्या जोडीदाराने नियमित भर घालणे बंधनकारक असावे आणि अल्प उत्पन्नाच्या घरांत तो भार सरकारने उचलावा. वेळेच्या वापराची पाहणी ठराविक वर्षांनी, जिल्हानिहाय आकड्यांसह व्हावी आणि विनामोबदला श्रमाचे मूल्य राज्याच्या आर्थिक पाहणीत राज्य उत्पन्नाच्या शेजारी छापले जावे. जनगणनेच्या प्रगणकांच्या प्रशिक्षणात एक सूचना आवर्जून असावी: घरातल्या स्त्रीच्या कामाची माहिती शक्यतो तिलाच विचारावी, आणि ‘काही करत नाही’ हे उत्तर पुढचा प्रश्न न विचारता लिहून घेऊ नये. घरोघरी शिवणकाम, पापड-लोणची, गोठा, शेती असे कितीतरी ‘अधिकृत’ कामही या एका उत्तराखाली आजवर गडप होत आले आहे.

वाचकांकडे मागणे याहून सोपे आहे. पत्नीला घेऊन एकदा बँकेत जावे, ठेवींच्या पावत्या, विम्याचे कागद आणि घराचा उतारा तिच्यासमोर मांडावा आणि कुठे कुणाचे नाव आहे ते दोघांनी मिळून वाचावे.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा